खान्देशात ‘बर्फ’ पडतो तेव्हा: सणाच्या सुट्टीत गारपीट झाली तर पहिल्या ७२ तासांत काय करायचं?

दरवर्षी फेब्रुवारी ते मे या दिवसांत एक व्हिडिओ हमखास फिरतो. पांढरंशुभ्र झालेलं शेत, पत्र्यावर ताडताड आवाज, अंगणात टोपलीभर गारा गोळा करणारी पोरं आणि खाली मजकूर, ‘हे काश्मीर नाही, आपला खान्देश आहे’. पाचोरा, भडगाव, चाळीसगाव, साक्री, शिरपूर, नाव कुठलंही असो, व्हिडिओला लाइक भरपूर मिळतात. ज्याचं ते शेत असतं, त्याच्यासाठी मात्र त्या क्षणी घड्याळ सुरू झालेलं असतं. बऱ्याचदा ते नेमकं अशा दिवशी सुरू होतं, जेव्हा मजूर गावाला गेलेले असतात आणि सरकारी कार्यालयाला कुलूप असतं.

हा बर्फ नाही, मग काय आहे?

हिमवर्षाव आणि गारपीट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिम पडायला ढगापासून जमिनीपर्यंत सगळी हवा गार असावी लागते. पाचोऱ्यात मार्चमध्ये दुपारचं तापमान ३५ अंशांच्या पुढे जातं, तिथे हिम पडणं शक्य नाही. गारेला उलट उष्णता लागते. तापलेल्या जमिनीवरची दमट हवा वेगाने वर चढते आणि १२ ते १५ किलोमीटर उंचीचे ढग तयार होतात. साधारण चार-साडेचार किलोमीटरच्या वर तापमान शून्याखाली असतं. तिथलं पाणी लगेच गोठत नाही. ते थंडगार थेंबांच्या रूपात तरंगत राहतं. त्या थेंबांना एखादा बर्फाचा कण भेटला की ते त्याला चिकटून गोठतात. खालून वर येणारा वारा हा गोळा तोलून धरतो आणि त्यावर थरावर थर चढत जातात. वाऱ्याला वजन पेलेनासं झालं की गार खाली येते.

पाच मिलिमीटरपेक्षा मोठा बर्फाचा गोळा असेल तर हवामानशास्त्रात त्याला गार म्हणतात. खान्देशात मोजमाप हरभरा, बोर, लिंबू असं चालतं, आणि ते वाईट नाही. बोराएवढी गार पानं फाडते. लिंबाएवढी गार ताशी ८० ते १०० किलोमीटर वेगाने खाली येऊ शकते. ती केळीचं खोड जखमी करते, कौलं फोडते आणि उघड्यावरच्या शेळीचा जीव घेऊ शकते.

खान्देशात खराखुरा गोठलेला थर दिसतो तो सातपुड्यात. नंदुरबार जिल्ह्यात तोरणमाळ आणि डाबच्या परिसरात कडाक्याच्या थंडीत गवतावरचं दव गोठतं. तेही हिम नव्हे. त्याच थंडीत खाली तापी-गिरणेच्या खोऱ्यात केळीची वाढ मंदावते आणि घड नीट बाहेर पडत नाहीत, हे नुकसान मात्र कुठल्याच व्हिडिओत दिसत नाही.

अमेरिकेतलं हिमवादळ आणि इथली गारपीट, फरक कशात?

२०२२ च्या नाताळात अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात बफेलो शहराला मोठ्या हिमवादळाने गाठलं. ४० हून अधिक माणसं दगावली. त्या वादळाचा इशारा काही दिवस आधी मिळाला होता, गाड्या रस्त्यावर आणायला बंदी घातली गेली, आणि बर्फ उपसेपर्यंत बहुतेकांनी घरात थांबायचं होतं. थोडक्यात, तिथे वादळ येतं तेव्हा काम थांबतं.

गारपिटीचं उलटं आहे. ती दहा-पंधरा मिनिटांत संपते आणि काम तिथून पुढे सुरू होतं. हवामान विभाग ‘गारपिटीची शक्यता’ असा पिवळा किंवा नारिंगी इशारा जिल्ह्यासाठी एक-दोन दिवस आधी देतो, पण नेमक्या कुठल्या शिवारात गारा पडतील हे आदल्या दिवशी कोणीच सांगू शकत नाही. पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज त्यातल्या त्यात उपयोगी असतो. गारांचा पट्टा अरुंद असतो. एका गावात गहू झोपतो आणि शेजारच्या गावात धूळसुद्धा ओली होत नाही. ही अरुंद पट्ट्याची गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे विम्याचा सगळा घोळ तिच्याभोवतीच फिरतो.

सणांशी गाठ का पडते?

कारण पंचांग आणि हवामान एकाच सुमारास वळण घेतात. महाशिवरात्र, होळी, गुढीपाडवा, आखाजी हे सण फेब्रुवारी ते मे या काळात येतात. याच काळात उत्तरेकडून येणारी थंड हवा, समुद्रावरून येणारी आर्द्रता आणि तापलेली जमीन यांची मध्य भारतावर भेट होते. २०१४ मध्ये महाशिवरात्र २७ फेब्रुवारीला होती आणि होळी १६ मार्चला; महाराष्ट्रातली त्या वर्षीची मोठी गारपीट साधारण या दोन सणांच्या मधल्या दिवसांत झाली. २०२३ मध्ये होळी ६ मार्चला होती. त्या होळी-धुळवडीच्या दिवसांतच धुळे, नंदुरबार, जळगाव, नाशिक भागात अवकाळी पाऊस आणि गारांनी झोडपलं. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला, रविवारी, उत्तर महाराष्ट्रात पुन्हा अवकाळी आणि गारपीट झाली. दुसऱ्या दिवशी सोमवारी गुरुनानक जयंतीची सुट्टी होती.

शेतीच्या दृष्टीने ही वेळ फार वाईट. मार्चमध्ये गहू आणि हरभरा काढणीला आलेला असतो, दादर ज्वारी उभी असते किंवा खळ्यावर असते, रब्बी मका कणसावर असतो, कांदा भरत असतो. केळीच्या बागेत घड लटकलेले असतात. वर्षभराचा पैसा रानात उघडा पडलेला असतो.

आणि नेमकी तेव्हाच माणसं नसतात

खान्देशात शेतीची बरीच कामं सातपुड्याच्या पट्ट्यातून येणाऱ्या आदिवासी मजुरांवर चालतात. चोपडा, यावल, शिरपूरचे पाडे, सीमेपलीकडचे सेंधवा आणि बडवानी, अशा ठिकाणांहून कुटुंबं येतात आणि शेतातच राहतात. होळी हा त्यांचा वर्षाचा सण. होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार भरतात, आणि त्यासाठी मंडळी घरी जातात. ती जाणारच, आणि जायलाच हवीत. वर्षभर दुसऱ्याच्या रानात राबणाऱ्याने सणाला तरी घरी जाऊ नये असं म्हणायला तोंड नाही. पण ही गोष्ट दरवर्षी ठरलेली असताना काढणीचं नियोजन मात्र होळी नसल्यासारखं होतं.

दुसरा पेच आखाजीचा. अक्षय्य तृतीया खान्देशात दिवाळीच्या तोडीची. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात. शेतीच्या हिशेबातही हा दिवस मोठा आहे. सालदाराचं वर्ष आखाजीला संपतं आणि आखाजीलाच सुरू होतं. जुना हिशेब मिटतो, नवा सालदार ठरतो किंवा जुनाच पुन्हा राहतो. म्हणजे एप्रिल-मेमध्ये वादळी वारा आणि गारा आल्या, तर गोठ्याची, मोटारीची, बागेची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस नेमका त्या चार दिवसांत करारातून मोकळा झालेला असू शकतो. अशा वेळी काम पडलं तर त्याची मजुरी वेगळी धरायची, सालात ढकलायची नाही, हे आधीच बोलून ठेवलेलं बरं. शेतमजुराला सुट्टीच्या दिवसाचा वेगळा पगार कोणी आपणहून देत नाही, त्यामुळे हा व्यवहार तोंडी का होईना, पण सणाच्या आधी स्पष्ट झालेला असावा.

मार्चअखेरीस आणखी एक अडचण येते. वर्षअखेरच्या हिशेबासाठी बाजार समित्यांमधले लिलाव काही दिवस बंद राहतात. घाईने काढलेला माल लगेच विकता येत नाही, तो कुठे ठेवायचा हा प्रश्न उरतो. ताडपत्री आधी घेऊन ठेवायची ती यासाठी. गारा पडल्यावर तिच्यासाठी पाचोऱ्याच्या दुकानात धावणारे एकटे आपण नसतो, आणि सणाला दुकान उघडं असेलच असं नाही.

पहिला तास: माल नव्हे, माणूस

गारपिटीत माणसं मरतात ती बहुतेक वेळा गारेने नव्हे, विजेने. खळ्यावरची रास झाकायला धावणं ही सगळ्यांत नैसर्गिक आणि सगळ्यांत धोक्याची हालचाल आहे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागत असेल, तर उघड्यावर थांबायचं नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. झाडाखाली, विशेषतः एकट्या उभ्या झाडाखाली, आसरा घ्यायचा नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ हे ॲप जवळपास वीज पडण्याचा इशारा देतं, ते मजुरांच्या मुकादमाच्या फोनवरही असावं. जनावरं झाडाला बांधलेली असतील तर ढग दाटतानाच सोडवून गोठ्यात न्यावीत, गारा सुरू झाल्यावर नाही.

वादळानंतर तुटलेल्या तारा हा पुढचा धोका. ओल्या शेतात पडलेली तार बंद आहे असं गृहीत धरू नये. काठीनेसुद्धा हलवू नये. महावितरणला १९१२ वर कळवावं. सणाच्या दिवशी खांबावर चढणारा लाइनमनही कोणाच्या तरी घरचा असतो. ‘अजून लाइट का आली नाही’ असा ग्रुपवर आरडाओरडा करण्यापेक्षा तार नेमकी कुठे तुटली, कोणत्या डीपीजवळ, हे सांगणारा एक फोन त्याचे दोन तास वाचवतो.

दुसऱ्या दिवशी शेतात

आधी साचलेलं पाणी काढायचं. आडवा झालेला गहू दाणा भरलेला असेल तर वाफसा येताच काढून घेतलेला बरा. जमिनीला टेकलेल्या ओंब्यांना कोंब फुटायला वेळ लागत नाही. हरभऱ्याचे घाटे गारेने फुटून दाणे खाली सांडतात, ते वेचायला माणसं लागतात आणि पुन्हा मजुरांपाशी येऊन थांबतो. दादर भिजली की दाणा काळा पडतो आणि भाव पडतो. तिच्या कडब्याचीही गत तीच, आणि कडबा गेला की उन्हाळ्यात जनावरांच्या चाऱ्याचा खर्च वाढतो. ओलं धान्य ढीग करून झाकून ठेवणं ही नेहमीची चूक. आत ऊब धरते, बुरशी येते. पातळ थर पसरून, उलटवून वाळवावं लागतं.

केळीत मोडून पडलेली झाडं बाहेर काढावीत, घड तयार असेल तर लगेच उतरवावा, फाटून लोंबणारी पानं कापावीत आणि जखमांमधून रोग शिरू नये म्हणून शिफारशीत बुरशीनाशकाची फवारणी उघडीप मिळताच करावी. कोणतं औषध, किती प्रमाणात, हे व्हॉट्सॲपवरून घेऊ नये. जळगावला केळी संशोधन केंद्र आहे, पाल आणि ममुराबाद इथे कृषी विज्ञान केंद्रं आहेत. फळावर बसलेल्या गारेच्या डागाचं काहीच करता येत नाही. तो काळा पडतो आणि व्यापारी त्याचा भाव कापतो.

इथे एक खरा पेच आहे. शेत साफ केलं तर नुकसान दिसत नाही आणि पंचनाम्याला पुरावा राहत नाही. वाट पाहिली तर वाचू शकणारं पीकही सडतं. मधला मार्ग असा: आधी तारीख, वेळ आणि ठिकाण उमटणारे फोटो काढायचे, शेताच्या चारही बाजूंनी आणि जवळूनही; गट नंबर लिहिलेला कागद हातात धरून एक फोटो; मग शेताचा एक भाग तसाच ठेवून बाकीच्या कामाला लागायचं. तलाठ्याला संदेश पाठवून कळवल्याची नोंद ठेवायची. गारा वितळायच्या आधीचा एक फोटो असेल तर उत्तमच, त्यात शेजारी नाणं किंवा लिंबू ठेवलं की आकार कळतो.

७२ तासांचा नियम: कोणाला लागू आहे, कोणाला नाही?

गारपीट झाली की ‘७२ तासांच्या आत तक्रार करा’ हा संदेश प्रत्येक ग्रुपवर फिरतो. तो अर्धाच खरा आहे, आणि हीच आजची मोठी अडचण आहे.

प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून आहे. तिच्यात गारपीट ‘स्थानिक आपत्ती’ मानली गेली. कारण वर आलेलं आहेच: गारांचा पट्टा अरुंद असतो. पूर्ण महसूल मंडळाची सरासरी काढली तर गार पडलेल्या दोन गावांचं नुकसान बाकीच्या गावांत विरघळून जातं. मंडळातलं स्वयंचलित हवामान केंद्र पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा मोजतं. गार मोजत नाही. म्हणून वैयक्तिक शेताची पाहणी आणि त्यासाठी शेतकऱ्याने ७२ तासांत कळवणं, अशी रचना होती.

महाराष्ट्राने खरीप २०२५ आणि रब्बी २०२५-२६ साठी ही रचना बदलली. एक रुपयातला विमा बंद झाला, शेतकऱ्याचा हप्ता पुन्हा खरिपाला २ टक्के, रब्बीला १.५ टक्के आणि नगदी पिकांना ५ टक्के झाला, आणि स्थानिक आपत्तीचा निकष वगळून भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर ठेवली गेली. म्हणजे गहू-हरभऱ्यासारख्या पिकावर गारा पडल्या, तरी या हंगामांत ७२ तासांची तक्रार विम्याचं दार उघडत नव्हती. मंडळाचं सरासरी उत्पादन उंबरठ्याखाली गेलं तरच पैसे. अरुंद पट्ट्यातल्या शेतकऱ्याला हा बदल सरळ सरळ महाग पडतो. पुढच्या हंगामाचा नियम काय, हे त्या हंगामाच्या शासन निर्णयात पाहावं, जुन्या फॉरवर्डमध्ये नाही.

केळी, डाळिंब अशा फळपिकांची हवामान आधारित विमा योजना वेगळी आहे. तिच्यात कमी तापमान, जास्त तापमान यांसारखे निकष हवामान केंद्राच्या नोंदीवर चालतात, शेतकऱ्याला काही करावं लागत नाही. गारपीट मात्र जादा हप्ता भरून घ्यायचं ऐच्छिक संरक्षण आहे. ते घेतलं असेल, तरच आणि तिथेच ७२ तासांत कळवण्याला अर्थ आहे. अनेकांना आपण ते घेतलं आहे की नाही हेच आठवत नाही. पावती आजच काढून पाहावी.

सुट्टीचं काय? नियमात ‘तास’ लिहिलेले आहेत, ‘कामकाजाचे दिवस’ नव्हे. शनिवारी संध्याकाळी गारा पडल्या तर मुदत मंगळवारी संध्याकाळी संपते, मध्ये रविवार आणि सणाची सुट्टी असली तरी. बँक आणि कृषी कार्यालय बंद असेल, पण १४४४७ हा पीक विम्याचा मदत क्रमांक आणि पीक विम्याचं ॲप यांवर कळवता येतं. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा आणि त्याचा स्क्रीनशॉट काढावा.

पंचनामा कधी होतो?

विमा नसला तरी सरकारी मदत असते, आणि ती पंचनाम्यावर ठरते. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून पंचनामा करतात. या तिघांची पदनावं अलीकडे बदलली आहेत, तलाठी आता कागदोपत्री ‘ग्राम महसूल अधिकारी’ आहे. गावात मात्र अजून तलाठीच. पाचोरा आणि भडगाव तालुक्यांसाठी प्रांत कार्यालय पाचोऱ्यातच आहे, त्यामुळे पाचोरा तालुक्यातल्यांना तालुक्याबाहेर हेलपाटा पडत नाही. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक सुट्टीच्या दिवशीही चालतो.

तरी उशीर होतो, आणि त्याचं कारण दर वेळी सुट्टीच असतं असं नाही. २०१४ मध्ये गारपीट सुरू असतानाच ५ मार्चला लोकसभा निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली. २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्य कर्मचाऱ्यांचा संप १४ ते २० मार्च चालला. त्याच आठवड्यात पुन्हा गारा पडल्या आणि पंचनामे करणारेच संपावर होते. गुढीपाडवा २२ मार्चला होता. अनेक शेतांत तोवर मूळ नुकसान ओळखू येण्याच्या पलीकडे गेलेलं होतं. फोटोंचं महत्त्व इथे कळतं.

मदत किती मिळते?

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीचे दर असे: पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तर कोरडवाहू हेक्टरी ८,५०० रुपये, बागायती १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये, दोन हेक्टरपर्यंत. माणूस दगावला तर वारसाला ४ लाख. दुभती गाय किंवा म्हैस ३७,५००, बैल ३२,०००, शेळी-मेंढी ४,००० रुपये. राज्य सरकार अधूनमधून हे दर किंवा क्षेत्राची मर्यादा स्वतःच्या निर्णयाने वाढवतं आणि पुन्हा कमीही करतं, त्यामुळे मागच्या वर्षी शेजाऱ्याला काय मिळालं यावरून हिशेब करू नये. केळीच्या एका हेक्टरला येणारा खर्च पाहिला तर २२,५०० रुपये ही भरपाई नव्हे, हातभार आहे.

पैसे थेट खात्यात येतात. त्यासाठी सातबाऱ्यावर ते पीक नोंदलेलं हवं. २०२१ पासून ही नोंद ई-पीक पाहणीच्या ॲपवर शेतकऱ्याने स्वतः करायची आहे. शेतात हरभरा आणि सातबाऱ्यावर मोकळं रान असेल, तर पंचनाम्याच्या वेळी वाद ठरलेला. आधार जोडलेलं खातं, ई-केवायसी आणि फार्मर आयडी या तीन गोष्टी अडल्या की मंजूर झालेली रक्कमही लटकते. वाट्याने शेती करणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं, मदत मालकाच्या खात्यात जाते. ती वाटून घेण्याचं आखाजीला वाटा ठरवतानाच बोलून घ्यावं लागतं.

आणि व्हिडिओचं म्हणाल, तर तो टाकायला हरकत नाही. फक्त गाव, तालुका, तारीख आणि वेळ लिहून टाकावा. दोन वर्षांपूर्वीच्या गारा ‘आत्ता पाचोऱ्यात’ म्हणून फिरल्या, तर खळ्यावर मळणी चालू असलेली माणसं काम सोडून पळतात, आणि पुढच्या वेळी खरा इशारा आला की कोणी जागचं हलत नाही.